पायीची वहाण

‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तिच्यामागचा भाव काही फारसा चांगला नाही. एखाद्याला त्याची पायरी दाखवून द्यायची असली, म्हणजे लोक ती वापरतात. पण आज मी तुम्हाला अशा एका जागेची हकीकत सांगणार आहे, की जिथं ही म्हण अक्षरशः खरी ठरली; आणि जिथं पायातल्या वहाणेची किंमत डोक्यावरच्या पागोट्याहून कितीतरी जास्त होती.

ती जागा म्हणजे एव्हरेस्टच्या खांद्यावरचा एक छोटासा तंबू. समुद्रसपाटीपासून २७,९०० फूट उंच. रात्र होती २८ मे १९५३ ची. तंबूत माणसं दोनच. एक न्यूझीलंडचा मधमाश्या पाळणारा एडमंड हिलरी, आणि दुसरा दार्जिलिंगचा शेर्पा तेनसिंग. रात्री थंडी शून्याखाली २७ अंशांपर्यंत उतरलेली. हिलरीचे बूट दिवसभरात ओले झाले होते, म्हणून त्यानं ते काढून ठेवले. तेनसिंगनं मात्र आपले बूट पायातच ठेवले आणि तसाच तो झोपला.

पहाटे चारच्या सुमाराला हिलरी उठून पाहतो, तर बुटांचे दगड झालेले! हातानं वाकेनात, पायात जाईनात. जगातल्या सर्वांत उंच शिखराची वाट समोर मोकळी आहे, आभाळ स्वच्छ आहे, आणि हा माणूस स्टोव्ह पेटवून त्यावर बूट शेकत बसला आहे. बूट मऊ होऊन पायात चढेपर्यंत बराच वेळ गेला. साडेसहाला दोघं निघाले आणि साडेअकराला शिखरावर पोचले. हे झालं म्हणून ठीक. पण त्या सकाळी वारा उठला असता, तर इतिहास कदाचित त्या दोन बुटांपाशीच अडला असता.

तेव्हा मंडळी, आजचा आपला विषय आहे बर्फावर घालायच्या जोड्यांचा. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात बर्फ पडतो कुठं? आम्हाला कोल्हापुरी वहाण बरी, नाहीतर पावसाळ्यात अनवाणी पाय बरा. खरं आहे. पण आपल्या गावची मुलं सैन्यात जातात, बर्फाच्या चौकीवर उभी राहतात. शाळा-कॉलेजातली मुलं आता हिमाचलात, उत्तराखंडात शिबिरांना जातात. जाताना आई डबा बांधून देते, वडील पैसे मोजून देतात, पण पायाकडं कोणी पाहत नाही. म्हणून हा इतिहास समजून घ्यायचा.

आधी एक साधा प्रश्न. थंडीत आधी पायाचीच बोटं का जातात? आपलं शरीर घरातल्या शहाण्या कर्त्या माणसासारखं आहे. दुष्काळ पडला की कर्ता माणूस बियाणं आणि बैल आधी जपतो, बाकीच्या खर्चाला कात्री लावतो. तसंच थंडी वाढली की शरीर काळीज, मेंदू आणि पोटातली इंद्रियं जपतं, आणि हातापायांकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. पायाची बोटं तर काळजापासून सर्वांत लांब. तिथं ऊब पोचेनाशी होते, आणि शेवटी मांसातलं पाणीच गोठतं. यालाच हिमदंश म्हणतात. दंश म्हटला तरी साप चावल्यासारखी कळ येत नाही. उलट दुखणं थांबतं, बधिरपणा येतो. आणि माणसाला वाटतं, चला, बरं झालं! तीच खरी धोक्याची खूण.

आता मागं जाऊ. १९९१ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सरहद्दीवर, दहा हजार फुटांहून उंच अशा आल्प्सच्या बर्फात एक प्रेत सापडलं. आधी वाटलं, कोणी अलीकडचा गिर्यारोहक असेल. तपासणी झाली तेव्हा कळलं, की हा माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या पायातले जोडे शिल्लक होते. तळ अस्वलाच्या कातड्याचा, वरचा भाग हरणाच्या कातड्याचा, आत झाडाच्या सालीच्या दोऱ्यांचं विणलेलं जाळं, आणि त्या जाळ्यात कोंबलेलं सुकं गवत.

या गवताचं महत्त्व लक्षात घ्या. गवतात ऊब नसते. ऊब असते पायात. गवताच्या काड्यांमध्ये हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा पायाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपण गोधडी पांघरतो ती काही चुलीसारखी तापलेली नसते. तरी ती ऊब देते. तोच हा न्याय. काश्मीरच्या शेतकऱ्यानंही तेच ओळखलं. भाताच्या पेंढ्याचे जोडे तो वळत असे. त्यांना ‘पुलहोर’ म्हणतात. लडाखात लोकरीचे, कातडी तळाचे ‘पाबू’ करतात. पाच हजार वर्षांपूर्वीचा आल्प्सचा वाटसरू आणि आपला काश्मिरी शेतकरी यांची गाठ कधी पडली नाही. पण थंडी हा दोघांचा गुरू एकच होता.

पण जो प्रदेश माणसाच्या अंगवळणी नाही, तिथं तो नुसत्या शौर्याच्या बळावर गेला तर काय होतं? त्याचीही हकीकत आपल्याच इतिहासात आहे. जम्मूच्या गुलाबसिंगाचा सेनापती जोरावरसिंग मोठा पराक्रमी. लडाख त्यानं जिंकलं होतं. १८४१ साली तो पश्चिम तिबेटात शिरला आणि मानससरोवराच्या पलीकडं जाऊन पोचला. मग हिवाळा आला. पंधरा हजार फुटांच्या उंचीवर त्याचे सैनिक गारठले. शेकोटीला लाकूड नाही, म्हणून काहींनी बंदुकांचे दस्ते जाळले. कित्येकांच्या हातापायांची बोटं गेली, शस्त्र धरवेना. १२ डिसेंबर १८४१ रोजी जोरावरसिंग लढता लढता पडला. शत्रूनं लढाई जिंकली हे खरं; पण निम्मं काम थंडीनं आधीच करून ठेवलं होतं.

मग युरोपातले लोक मोठ्या तयारीनं हिमालयात आले. १९२४ साली इंग्रज गिर्यारोहक मॅलरी आणि त्याचा तरुण साथीदार अर्व्हिन एव्हरेस्टच्या माथ्याकडं जाताना दिसले ते शेवटचे. मॅलरीचं प्रेत १ मे १९९९ रोजी सापडलं. अर्व्हिनचा एक पाय, बुटात आणि मोज्यात असलेला, २०२४ साली खालच्या हिमनदीवर मिळाला; मोज्यावर त्याचं नाव शिवलेलं होतं. दोघांचेही बूट चामड्याचे, आणि तळाला लोखंडी खिळे ठोकलेले.

खिळे कशाला? बर्फावर पाय घसरू नये म्हणून. आपल्या बैलाला नाल मारतो, तसंच. पण बैलाच्या खुराला थंडी लागत नाही. माणसाच्या तळव्याला लागते. पहाटे विहिरीवरची लोखंडी बादली आणि शेजारचा लाकडी खांब यांना हात लावून पाहा. हवा तीच, पण लोखंड हाताला जास्त थंड लागतं. कारण ते हातातली ऊब भराभर ओढून घेतं. बुटाच्या तळातून आत शिरलेला प्रत्येक खिळा पायाची ऊब अशीच बाहेर नेतो. म्हणजे पाय घसरू नये म्हणून जो उपाय केला, तोच पाय गोठवायला मदत करत होता.

खिळ्यांचा आणखी एक ताप होता. उघड्या खडकावर ते अडचणीचे. म्हणून कडे चढणारे लोक खिळ्यांचे जड बूट पायथ्याशी ठेवून हलके जोडे घालून वर जात. १९३५ साली इटलीतल्या एका चढाईत असंच झालं. वर असताना वादळ आलं, बर्फ पडला, हलक्या जोड्यांनी ना पकड मिळाली ना ऊब; आणि सहा जण मरण पावले. त्या चढाईत व्हिताले ब्रामानी नावाचा गृहस्थ होता. मेलेले त्याचे मित्र होते. त्यानं ठरवलं, की खडकावर आणि बर्फावर दोन्हीकडं चालेल असा एकच तळ करायचा. १९३७ साली त्यानं खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. आज तुम्ही चांगला डोंगरी बूट उलटा करून पाहिलात, तर ट्रॅक्टरच्या चाकासारख्या ज्या खाचा दिसतात, त्यांचा उगम त्या सहा मृत्यूंत आहे.

तळाचा प्रश्न सुटला. पण मापाचं काय? ही चूक तर फार जुनी. दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोचलेला नॉर्वेचा अमुंडसेन मोठा दक्ष माणूस. तरी १९११ च्या सप्टेंबरात तो घाईनं निघाला, कडक थंडीत सापडला आणि परत फिरला. काही साथीदारांच्या टाचा गोठल्या होत्या. त्यांचे जोडे ताठ आणि अपुरे पडत. म्हणून त्यांनी ते जोडे उसवले, मोठे केले, पुन्हा उसवले, पुन्हा मोठे केले. आत जादा मोजे आणि सुकं गवत मावेल इतकी जागा केली. ऑक्टोबरात ते पुन्हा निघाले आणि १४ डिसेंबरला पाच जण ध्रुवावर पोचून सुखरूप परत आले. जगातल्या एका मोठ्या विजयात अशी शिवणकामाची सुई आहे.

आणि विजय मिळूनही पाय गेल्याचं उदाहरण? तेही आहे. ३ जून १९५० रोजी मोरिस एर्झोग आणि लुई लाशनाल हे दोघे फ्रेंच अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोचले. आठ हजार मीटरहून उंच शिखरावर माणसाचं ते पहिलं पाऊल. वाटेतच लाशनालला कळलं होतं, की आपले पाय गोठताहेत. परत फिरलो तर काय, असं त्यानं एर्झोगला विचारलंही. पण एर्झोग एकटाही वर जायला तयार होता, आणि लाशनालला त्याला एकटं सोडवेना. दोघं वर गेले. उतरताना वादळानं गाठलं. पुढं दोघांच्याही पायांची सगळी बोटं गेली. एर्झोगच्या हातांचीही बहुतेक गेली. परतीच्या प्रवासात डॉक्टरला त्यांतली काही बोटं आपल्या भारतातल्या रेल्वेच्या डब्यात कापावी लागली. जो लाशनाल आल्प्समध्ये वाऱ्यासारखा चढत असे, त्याला पुन्हा चालायला शिकावं लागलं. श्रोतेहो, शिखर जिंकल्याचा फोटो आपण पाहतो. हा हिशोब फोटोत येत नाही.

या सगळ्या अनुभवांची शिदोरी घेऊन १९५३ ची तयारी झाली. इंग्लंडात पादत्राणांवर संशोधन करणारी एक संस्था होती. तिनं वरच्या चढाईसाठी खास बूट बनवले. बाहेर पातळ, मऊ कातडं. आत जलरोधक अस्तर. आणि दोहोंच्या मधे जवळजवळ एक इंच जाडीचा कपोकाचा थर. हा कपोक म्हणजे काय ठाऊक आहे? आपल्या सावरीच्या कापसाचा भाऊबंद. गावाकडं उशीत सावरीचा कापूस भरतात ना, त्याच जातीचा. तळाला खिळे नाहीत. बारीक बारीक हवेचे कप्पे असलेलं हलकं रबर. म्हणजे पुन्हा तेच झालं: पाच हजार वर्षांपूर्वी गवतानं जे केलं, ते आता सावरीच्या कापसानं केलं. हवा अडकवून ठेवली.

आतलं अस्तर जलरोधक कशासाठी, हे गुरुजींनी मुलांना मुद्दाम सांगावं. बर्फाचं पाणी बाहेरून येतं तसा घाम आतून येतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं ऊब वाहून नेतं. घामानं कापूस भिजला की त्यातली हवा गेली आणि त्या बुटाचं कामच संपलं. म्हणून घाम कापसापर्यंत जाऊच द्यायचा नाही. इतकं करूनही हिलरीचे बूट गोठलेच. कारण तंबूतल्या थंडीत, पायाच्या उबेपासून तोडलेला बूट म्हणजे नुसती ओली वस्तू.

आणि तरीही ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो. १९६२ च्या ऑक्टोबरात नेफाच्या सरहद्दीवर, नामका चू नदीच्या काठी आपले जवान पाठवले गेले. जागा दहा हजार फुटांच्या वर. काही ठाणी तर त्याहून कितीतरी उंच. अंगावर पुष्कळांच्या सुती उन्हाळी गणवेश, आणि पायात कॅनव्हासचे बूट. २० ऑक्टोबरला हल्ला झाला. जवान शौर्यानं लढले, त्याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. पण गोळी लागण्याच्या आधीच थंडीनं घायाळ झालेले जवान त्यांच्यात होते. जोरावरसिंगाला १२१ वर्षं होऊन गेली होती, एव्हरेस्टला नऊ. शिकायला वेळ भरपूर मिळाला होता.

त्याच नोव्हेंबरात आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि सैन्य डोंगरी युद्धासाठी नव्यानं सज्ज करण्याचं काम सुरू झालं. देशभर बायका जवानांसाठी लोकरीचे मोजे, स्वेटर विणायला बसल्या. तुमच्यापैकी कोणाच्या आजीनं त्या वेळी सुया हातात घेतल्या असतील, तर तिनं नुसती माया विणली नाही. इतिहासातला एक धडाच विणला, हे ध्यानात ठेवा.

आता तुमचा मुलगा किंवा शाळेतला विद्यार्थी बर्फाळ डोंगरात तंबूच्या मुक्कामाला निघाला, तर काय पाहावं? त्याला एव्हरेस्टचे बूट नकोत. ते महाग, जड, आणि त्या वाटेला गरजेचेही नाहीत. घोटा झाकणारा, पाणी आत न घेणारा, खोल खाचांच्या तळाचा बूट पुरे. बर्फाचे लोखंडी काटे बांधून कठीण चढ चढायचा असेल, तरच न वाकणारा ताठ तळ हवा. आणि तो सल्ला शिबिरातल्या शिक्षकाकडून घ्यावा.

बूट घ्यायला सकाळी जाऊ नये, संध्याकाळी जावं. कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. डोंगरात घालायचे तेच जाड मोजे घालून माप पाहावं. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. उतरंडीवर उभं राहिलं तर बोटं पुढं टेकता कामा नयेत. पोरगा म्हणेल, घट्ट बसतोय, छान दिसतोय. त्याला सांगा, बाबा रे, आवळलेल्या पाटातून पाणी जात नाही, तसं आवळलेल्या पायातून रक्त जात नाही. आणि नवा बूट थेट डोंगरात नेऊ नये. महिनाभर आधी शेताच्या बांधावरून तो चालवून घ्यावा. म्हणजे फोड यायचे ते घरीच येतील.

मोजे लोकरीचे असावेत, सुती नसावेत. धनगर भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागं उभा राहतो, ते का? लोकर भिजली तरी थोडीफार ऊब राखते. सूत भिजलं की अंगाला चिकटतं आणि ऊब पळवतं. मोज्यांची एक कोरडी जोडी फक्त झोपण्यासाठी वेगळी बांधून ठेवावी. दिवसा कितीही मोह झाला तरी तिला हात लावू नये. बुटाच्या तोंडातून बर्फ आत जाऊ नये म्हणून पोटरीवर पट्ट्या किंवा गेटर बांधावेत. आणि रात्री बूट तंबूच्या दारात ठेवायचे नाहीत. बर्फ झटकून, पिशवीत गुंडाळून, झोपायच्या पिशवीत उशापायथ्याशी घ्यायचे. घरी आपण वहाणा उंबऱ्याबाहेर काढतो, ती रीत चांगलीच; पण डोंगरावरच्या थंडीला ती रीत ठाऊक नाही.

एवढं करूनही बोटं पांढरी पडली, बधिर झाली, तर बर्फानं चोळू नयेत. पूर्वी लोक चोळत. त्यानं इजा वाढते. शेकोटीवरही धरू नयेत, कारण बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. आडोशाला न्यावं, कोरडं करावं, डॉक्टरकडं पोचवावं. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात पाय सोडणं हा योग्य उपाय आहे. पण पाय पुन्हा गोठण्याची भीती असेल तर तोही थांबवावा. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या पायाचं नुकसान फार मोठं असतं.

गुरुजी, तुमच्यासाठी एक सोपा प्रयोग. दोन सारख्या बाटल्यांत सारखंच गरम पाणी भरा. एकीला कोरडा लोकरीचा मोजा घाला, दुसरीला ओला सुती मोजा. अर्ध्या तासानं दोन्हींत तापमापक बुडवा आणि आकडे मुलांनाच फळ्यावर लिहू द्या. मग त्यांना मॅलरीची आणि नामका चूची गोष्ट सांगा. विज्ञान आणि इतिहास हे एकाच तासात शिकवता येतात, हे त्यांना दिसेल.

शेवटी पुन्हा त्या तंबूत जाऊ. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग शिखरावर उभा राहिला, तेव्हा त्याच्या पायांत बूट होते रेनडिअरच्या कातड्याचे, आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमेतले. अंगावरचं वारारोधक जाकीट ब्रिटिशांचं. गळ्यात लाल रुमाल, त्याचा स्विस मित्र रेमंड लांबेर याचा. आणि बुटाच्या आत, कोणालाही न दिसणारे मोजे होते. ते त्याच्या बायकोनं, आंग ल्हामूनं, घरी विणलेले होते. त्या पायांची बोटं शाबूत राहिली. पुढं १९५४ साली दार्जिलिंगला गिर्यारोहणाची शाळा निघाली, आणि तेच पाय कित्येक भारतीय मुलांना डोंगरावर चालायला शिकवत राहिले.

म्हणून मंडळी, मुलगा डोंगराकडं निघाला की त्याच्या कपाळाला कुंकू जरूर लावा, पण एकदा खाली वाकून त्याचे बूटही पाहा. आत बोट घालून जागा किती आहे ते चाचपा. मोजे कोरडे आहेत का ते बघा. पायीची वहाण पायीच बरी, हे खरं. पण ती पायात कशी बसली आहे, हे घरून निघण्याआधी पाहिलेलं बरं.